मेडिसिन वॉर्डातला 'सायक' पेशंट आणि मनोरुग्णालयातला पोटदुखीचा पेशंट : सिस्टरनं ठरवायचं काय?

रातपाळी

सरकारी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डला आहे. त्याआधी काही वर्षं मनोरुग्णालयात काढली. दोन्हीकडे एकच गोष्ट ऐकू येते, फक्त उलट्या बाजूनं. मेडिसिनमध्ये पेशंट बडबडायला लागला की "हा सायकचा आहे, त्यांना कॉल टाका." ('सायक' म्हणजे मानसोपचार विभाग.) मनोरुग्णालयात पेशंट कण्हायला लागला की "याचं नेहमीचंच आहे, झोपेल." दोन्ही वेळी पलंगाशी उभी असते सिस्टर, आणि पुढचा तासभर काय होणार ते बऱ्याचदा ती फोनवर काय सांगते त्यावर ठरतं. "सर, पेशंट व्हायलेंट झालाय" म्हटलं की इंजेक्शनची ऑर्डर येते. "सर, सकाळपर्यंत नीट बोलत होते, संध्याकाळपासून सलाइन उपटतायत, चादरीवरून काहीतरी वेचतायत, सॅच्युरेशन ९१ आहे" म्हटलं की डॉक्टर स्वतः येतो. निदान यायची शक्यता वाढते.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. साठीचे शेतकरी, न्यूमोनिया. भरती होऊन तिसरी रात्र. भिंतीवर मुंग्या दिसतायत म्हणाले, मला त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारायला लागले. मुलगा घाबरलेला, वॉर्डातले मामा (वॉर्डबॉय) पट्टी घेऊन तयार. हाउसमन (शिकाऊ डॉक्टर) फोनवर म्हणाला, "हॅलो-फेनारगन द्या, सकाळी सायकवाले बघतील." हॅलो-फेनारगन म्हणजे हॅलोपेरिडॉल आणि फेनारगन, शांत करायच्या इंजेक्शनांची जोडी. म्हटलं, सर, आधी पाच मिनिटं द्या. साखर बघितली, ठीक. ताप, नाडी, बीपी, सॅच्युरेशन घेतलं. मग पोटावर हात ठेवला तर बेंबीपर्यंत टणक. सकाळच्या राउंडला कॅथेटर काढला होता, त्यानंतर लघवी झाली की नाही हे चार्टवर नाही आणि कुणाच्या लक्षातही नाही. कॅथेटर टाकला, ८०० मिली निघाली. माणूस निम्मा शांत झाला.

निम्माच. नाडी ११८, हात थरथरतायत, बनियन घामानं ओलं. केस पेपरवर 'व्यसन नाही' असं लिहिलेलं, कारण भरती करताना मुलगा आणि सून समोर उभे होते. काकूंना पॅसेजमध्ये नेऊन विचारलं तेव्हा त्या पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "रोज क्वार्टर लागते हो. इथं आल्यापासून बंद आहे." म्हणजे दारू सुटल्याचा तिसरा दिवस. बरोब्बर त्याच वेळी डोकं वर काढणारी गोष्ट.

आता मला विचारायचंय ते हे. कुणी म्हणेल हे डॉक्टरचं काम आहे, मान्य. पण रात्री चाळीस पेशंटना एक सिस्टर असते, आणि डॉक्टर येईपर्यंत बांधायचं की नाही, इंजेक्शन आत्ता की दहा मिनिटांनी, कुणाला पलंगाशी बसवायचं, हे निर्णय तीच घेते. तुमच्याकडे हे कसं चालतं? नातेवाईक म्हणून तुम्ही काय बघितलंत? दोन्ही बाजू येऊ द्या.

चाफेकळी

ताई, मी नर्स नाही, पण वाचून अंगावर काटा आला. आमच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं. ती बडबडली नाही, उलट गप्प झाली. जेवण ढकलून द्यायची, भिंतीकडे बघत पडून राहायची, मध्येच डुलकी. सगळे म्हणाले डिप्रेशन आलंय, ऑपरेशननंतर येतंच. गोळीही सुरू झाली, एसिटालोप्राम. चार-पाच दिवसांत ती नुसती झोपूनच राहायला लागली, तेव्हा कुणीतरी रक्तातलं सोडियम केलं. ११८, फारच कमी. बीपीची गोळी चालूच होती, तिच्यात लघवी जास्त व्हायचं औषध मिसळलेलं होतं. सोडियम हळूहळू वर आणल्यावर आईनं पहिला प्रश्न विचारला, "दळण आणलं का?"

माझा प्रश्न : गप्प झालेल्या माणसात हे ओळखायचं कसं? आरडाओरडा करणाऱ्याकडे निदान कुणी बघतं तरी.

रातपाळी

चाफेकळी, अगदी मुद्द्याचं बोललीस. डेलिरियम म्हणजे शरीरातल्या बिघाडामुळे डोक्यात अचानक होणारा गोंधळ. गप्प डेलिरियम जास्त सुटतो हातातून, कारण तो कुणाला त्रास देत नाही. नाइटच्या सिस्टरला तर तो 'चांगला पेशंट' वाटतो.

मी एक करते. वार उलटे म्हणायला लावते. रविवार, शनिवार, शुक्रवार... शाळा न शिकलेल्या आजीलाही वार येतात. उदास माणूस कंटाळून, हळूहळू, पण म्हणतो. नाहीतर "नको गं बाई, जा" म्हणतो, म्हणजे तुम्ही काय विचारलंत हे त्याला कळलंय. डेलिरियमवाला शुक्रवारपर्यंत जातो आणि तिथून भलतीकडेच निघतो, किंवा तुमचा प्रश्नच विसरतो. लक्ष टिकत नाही, ही त्याची खूण. दुसरं म्हणजे दिवसात चढउतार. सकाळच्या राउंडला साहेबांशी छान बोलतात आणि रात्री ओळखत नाहीत. म्हणून राउंडला 'पेशंट ओरिएंटेड' असं लिहिलं जातं आणि नाइटची सिस्टर वेडी ठरते.

तिसरं, वय. ज्याला उभ्या आयुष्यात कधी मानसिक आजार नव्हता आणि साठीनंतर दोन दिवसांत 'वेड लागलं', त्याच्या डोक्याआधी लघवी, फुफ्फुस, सोडियम, साखर आणि औषधांची पिशवी बघायची. पिशवी उलटी करून बघायची, तोंडी यादीवर विश्वास ठेवायचा नाही. झोपेची गोळी, खाजेची गोळी, सर्दीची गोळी, सारखी लघवी होऊ नये म्हणूनची गोळी, सगळं त्यात सापडतं.

आणि घरच्यांना माझं एक सांगणं असतं. "आमचे बाबा असे नाहीत" हे वाक्य तुम्ही कितीही वेळा म्हणा, आम्ही वैतागलो तरी म्हणा. ते फार महत्त्वाचं निरीक्षण आहे. चष्मा आणि कानाचं यंत्र घरी ठेवून येऊ नका. रात्री दिवा पूर्ण बंद करू नका.

घाटमाथा

मानसोपचारतज्ज्ञ आहे, त्यामुळे 'सायक कॉल' ज्यांना येतो त्यांच्यापैकी एक. आमच्याकडे मेडिसिन आणि ऑर्थोमधून येणाऱ्या 'अचानक बिघडला' या कॉलपैकी बरेचसे डेलिरियम निघतात. आम्ही जाऊन जे लिहितो ते बहुतेक पुन्हा मेडिसिनचंच काम असतं. कारण शोधा, बद्धकोष्ठ काढा, कॅथेटरची गरज नसेल तर काढा, रात्री दोनला बीपी घ्यायला उठवू नका.

रातपाळी ताईंच्या काकांबद्दल एक भर. दारू सुटलेल्या पेशंटला नुसतं हॅलोपेरिडॉल देणं धोक्याचं, फिट येण्याची शक्यता वाढते. तिथं मुख्य औषध लोराझेपाम किंवा त्याच्या जातीचं. आणि डेक्स्ट्रोजची (ग्लुकोजची) बाटली लावण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. हा क्रम सिस्टरनं आठवण करून दिला तर कुठल्याही शहाण्या डॉक्टरला राग येऊ नये. साखर खरोखर खाली गेली असेल तर मात्र ग्लुकोजसाठी थांबायचं नाही, दोन्ही बरोबरच द्यायचं.

हॅलो-फेनारगनची बदनामी नको. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्याची लोराझेपामशी तुलना झाली, निष्कर्ष २००४ साली छापून आले. दोन्हींनी पेशंट शांत होतात, या जोडीनं जरा लवकर. पण ते पेशंट मानसिक आजारानं उसळलेले होते. न्यूमोनियाचे काका त्या अभ्यासात नव्हते. आपल्याकडे मात्र इंजेक्शन तेच, मग पेशंट कुणीही असो. आणि एकदा दिलं की पुढचा तासभर श्वास, नाडी, बीपी कोण बघणार, हे ऑर्डरमध्ये कधीच लिहिलेलं नसतं. मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले, जीभ बाहेर आली तर तो नवा 'झटका' नव्हे, औषधाचा परिणाम आहे. ताप चढून अंग लाकडासारखं ताठलं तर पुढचा डोस थांबवा आणि फोन करा, कितीही वाजले असले तरी.

तिरकस

सगळं छान आहे. पण प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. माझ्या मामाला एका मोठ्या रुग्णालयात दोन दिवस गॉजच्या पट्टीनं पलंगाला बांधून ठेवला होता. मनगटाला जखम, पाठीवर लाल चट्टा. विचारलं तर "स्टाफ कमी आहे." म्हणजे तुमचा स्टाफ कमी म्हणून माझा मामा बांधायचा? इथं सगळे सूज्ञ जमलेत म्हणून विचारतो, याला काही कायदा आहे की नाही?

विदर्भातला_ब्रदर

आहे दादा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७, लागू झाला २९ मे २०१८ पासून. कलम ९७. पेशंटला किंवा आजूबाजूच्यांना आत्ता या क्षणी इजा होणार असेल आणि दुसरा उपायच नसेल तेव्हाच बांधायचं, आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं. का बांधलं, कसं बांधलं, किती वेळ, हे सगळं लिहायचं. शिक्षा म्हणून नाही, धाक म्हणून नाही. आणि तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर : स्टाफ कमी म्हणून बांधायचं नाही, हे कायद्यात शब्दशः आहे. प्रत्येक वेळी २४ तासांच्या आत नामनिर्देशित प्रतिनिधीला (पेशंटच्या वतीनं नेमलेल्या माणसाला) कळवायचं, आणि दर महिन्याला सगळ्या प्रसंगांचा अहवाल मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे. एकट्याला खोलीत कोंडणं पूर्ण बंद, साखळी पूर्ण बंद. साखळी का, ते २००१ साली तमिळनाडूतल्या एरवाडीला कळलं. आग लागली आणि साखळीनं बांधलेल्या २८ माणसांना पळताच आलं नाही.

आता मी स्वतः मनोरुग्णालयात काम करतो म्हणून सांगतो. कायदा आल्यावर आमच्याकडे बांधणं कमी झालं, कारण लिहावं लागतं. लिहायचा कंटाळा हाही उपयोगाचा असतो. मेडिसिन आणि सर्जरीच्या वॉर्डात मात्र हे कलम कुणाच्या डोक्यातच नसतं. तिथं 'टाय अप' ही ऑर्डरसुद्धा नसते, वॉर्डबॉय मामांची सवय असते.

बांधायची वेळ आलीच तर काय बघायचं ते सांगतो, कारण हे शिकवत कुणी नाही. पालथा कधीच नाही. छातीवर, मानेवर वजन नाही. एकच माणूस पेशंटशी बोलेल, बाकीचे गप्प. सगळे एकदम ओरडले की तो अजून उसळतो. पट्टी गॉजची नको, रुंद आणि आतून मऊ हवी, खाली दोन बोटं गेली पाहिजेत. पलंगाच्या कठड्याला बांधायचं नाही, फ्रेमला बांधायचं, नाहीतर कठडा खाली केला की खांदा निखळतो. दर पंधरा मिनिटांनी बोटांचा रंग, ऊब, श्वास. एकेक हात आळीपाळीनं सोडायचा, पाणी पाजायचं, भांडं द्यायचं. बांधलेल्या माणसाला लघवी लागते हे लोक विसरतात. मग तो ओरडतो, मग म्हणतात बघा, अजून व्हायलेंट आहे.

केंटवाली

नमस्कार, मी इंग्लंडमध्ये नर्स आहे, आधी मुंबईला होते. इथं मानसिक आरोग्याची नर्स आणि जनरलची नर्स यांचं शिक्षणच वेगळं, नोंदणीही वेगळी. त्याचा फायदा आहे तसा तोटाही आहे, दोन्हीकडच्या एकमेकांकडे बोट दाखवतात. आपल्याकडच्या जीएनएमला (नर्सिंगचा डिप्लोमा केलेलीला) निदान दोन्हीकडच्या पोस्टिंग झालेल्या असतात.

इथंही सगळं गोडगोड नाही. २०१० मध्ये सेनी लुइस नावाचा २३ वर्षांचा मुलगा लंडनच्या बेथलेम रॉयल रुग्णालयात, स्वतः उपचारांना गेलेला असताना, ११ पोलिसांनी दाबून धरल्यामुळे गेला. त्याच्या नावानं ओळखला जाणारा कायदा २०१८ मध्ये आला, बळ वापरल्याची प्रत्येक नोंद ठेवणं बंधनकारक झालं. आईवडिलांना त्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

जनरल वॉर्डात इथं हातपाय बांधत नाहीत, त्याऐवजी एक माणूस पलंगाशी बसवतात. माणूस मिळाला तर. नाही मिळाला की आम्हीही हवालदिल.

तिरकस

म्हणजे तिथेही माणूस मिळत नाहीच. बरं वाटलं.

विदर्भातला_ब्रदर

ताईंच्या पहिल्या पोस्टमधली दुसरी बाजू राहून जातेय, म्हणून लिहितो. आमच्याकडे एक जुना पेशंट, क्लोझापिनवर (स्किझोफ्रेनियाचं औषध). त्याच्या पोटात साप आहे हे तो आम्हाला वर्षानुवर्षं सांगतो. साप जेवतो, साप झोपतो. आम्हीही "आज साप काय म्हणतो?" असं विचारायचो, तो हसून उत्तर द्यायचा. एक दिवस म्हणाला, "साप वेटोळं घालून बसलाय, हलत नाही." हसला नाही. जेवला नाही. मावशींनी सांगितलं, तीन-चार दिवस संडासला गेला नाही. पोट नगाऱ्यासारखं.

सामान्य रुग्णालयात पाठवला. तिथल्या कॅज्युअल्टीत केस पेपरवर मनोरुग्णालयाचा शिक्का बघितला, 'पोटात साप असल्याचा भ्रम' हे वाचलं आणि पेशंट एनिमा देऊन परत. दुसऱ्यांदा मी स्वतः गेलो. म्हटलं, साहेब, साप आमचा आहे, तो बाजूला ठेवा, उभ्यानं एक एक्स-रे काढा. आतडं अडलेलं होतं.

क्लोझापिननं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासतात, हे सगळ्यांना पाठ आहे. बद्धकोष्ठानं माणूस मरू शकतो हे पाठ नसतं. आमच्या वॉर्डात त्यानंतर शीचा चार्ट सुरू झाला. रोज, प्रत्येकाचा. नवीन पोरं नाक मुरडतात, मुरडू द्या.

घाटमाथा

ब्रदर, दंडवत. आणि क्लोझापिनचाच विषय निघालाय तर मेडिसिनच्या सिस्टरांसाठी दोन गोष्टी.

असा पेशंट न्यूमोनियासाठी किंवा हाड मोडलं म्हणून तुमच्याकडे भरती झाला आणि ४८ तासांपेक्षा जास्त गोळी चुकली, तर जुना पूर्ण डोस एकदम सुरू करायचा नाही. बीपी पडतं, फिट येऊ शकते. पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढत जायचं. नातेवाईक प्रेमानं घरून आणून पूर्ण गोळी देतात, तेव्हा त्यांनाही सांगायचं.

दुसरी गंमत बिडीची. बिडीच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन लवकर संपवतं. भरती झाला, बिडी बंद झाली, वर जंतुसंसर्ग. रक्तातलं औषध वाढत जातं. पेशंट पेंगतो, लाळ गळते, श्वसनमार्गात जाते, आणि सगळे म्हणतात न्यूमोनिया बळावला. डोस तोच, माणूस तोच, फक्त बिडी सुटली. "बिडी ओढत होता का आणि कधीपासून बंद?" एवढं सिस्टरनं विचारून ठेवलं तर आमचं निम्मं काम होतं.

लिथियमवाल्यांचंही (मूड स्थिर ठेवायचं औषध) असंच. जुलाब, उलटी, चालताना झोकांड्या, हात जाडसर थरथरणं. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, किंवा गुडघेदुखीला डायक्लोफेनॅक सुरू झालं की पातळी चढते. १.५ च्या वर गेली की विषबाधेच्या हिशेबानं बघायचं. जुलाबाचा पेशंट म्हणून सलाइन चालू आणि लिथियमही चालू, असं चित्र मी पाहिलंय. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घ्यायचं, सकाळची गोळी दिल्यावर नव्हे. विषबाधेची शंका असेल तर मात्र १२ तासांची वाट बघायची नाही, लगेच घ्यायचं आणि गोळी थांबवायची.

काळी_माती

कापसाच्या पट्ट्यातल्या जिल्ह्यात आयसीयूला आहे. आमच्याकडे 'औषध पिऊन', म्हणजे कीटकनाशक पिऊन, आलेल्यांची रांग असते. हे पेशंट मेडिकल की सायक? पहिले पाच दिवस मेडिकल, सहाव्या दिवशी डिस्चार्ज, आणि मनाचं कुणीच बघितलेलं नसतं.

पण या पेशंटमध्ये नर्सला सगळ्यात जास्त फसायला होतं म्हणून लिहिते. विषावरचा उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन चालू असतं. ते जास्त झालं की पेशंट बडबडतो, हवेत हात मारतो, तोंड कोरडं, अंग गरम, बाहुल्या मोठ्या. नातेवाईक म्हणतात डोक्यावर परिणाम झाला. तेव्हा बांधायच्या आधी ड्रिपचा वेग बघायचा, बाहुल्या बघायच्या, छातीला कान लावायचा आणि डॉक्टरला तेच सांगायचं.

दुसरं याहून वाईट. एक नवी लग्न झालेली मुलगी, दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली, छान बोलली. तिसऱ्या दिवशी सासरचे भेटायला आले आणि त्यानंतर ती बोलेना. तोंड भिंतीकडे. आई म्हणाली, रुसलीय, बोलू नका तिच्याशी. सगळ्यांना ते पटण्यासारखंच होतं. आमच्या स्टाफमधल्या एका मुलीनं जवळ जाऊन सांगितलं, "ताई, उशीवरून मान उचल बघू." तिला उचलताच येईना. पापण्याही अर्धवट. विषबाधेनंतर साधारण पहिल्या ते चौथ्या दिवसात मानेचे आणि श्वासाचे स्नायू असे सैल पडू शकतात. त्याच रात्री व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. वाचली.

तेव्हापासून ड्यूटी बदलतानाच्या आमच्या ओव्हरमध्ये एक ओळ असते : 'मान उचलते / उचलत नाही'. कोण रुसलंय आणि कोण नाही, ते नंतर.

चाफेकळी

बापरे. आणि अशा पेशंटवर पोलीस केस होते ना? म्हणून लोक खरं सांगत नाहीत.

काळी_माती

एमएलसी (पोलिसांना कळवायची नोंद) होते, कारण कुणी पाजलं का हेही बघायचं असतं. पण २०१७ च्या कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, उलट सरकारनं काळजी घ्यायची. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं ३०९ कलम उरलेलं नाही. हे मी नातेवाईकांना पहिल्याच दिवशी सांगते. मग "चुकून प्यायली" चं "भांडण झालं होतं" होतं.

बाकी वॉर्डात करायचं ते साधंच. नर्सिंग स्टेशनजवळचा पलंग, खिडकीपासून लांब. ओढणी, ब्लेड, गोळ्यांची पाकिटं घरच्यांच्या ताब्यात. आणि सरळ विचारायचं, "अजून मरावंसं वाटतंय का?" विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवं काही भरत नाही. डिस्चार्ज कार्डवर टेलीमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मी हातानं लिहून देते, छापलेला कुणी वाचत नाही.

सुमाक्का

निवृत्त इन्चार्ज सिस्टर आहे, नातवानं हे वाचायला दिलं. सगळं वाचलं. आमच्या वेळी एवढी नावं माहीत नव्हती, पण 'आधी पोट बघ, मग डोकं बघ' असं आमच्या मेट्रनबाई म्हणायच्या.

एक विषय कुणी काढला नाही, तो काढते. औषध लपवून देणं. चहात थेंब, वरणात पूड. पुस्तकात चूक आहे ते ठाऊक आहे. पण म्हातारी आई एकटी, तरणाताठा मुलगा कोयता घेऊन दारात उभा, आणि गोळी घेत नाही. तिनं चहात थेंब घातले तर मी तिला बोल लावणार नाही.

रातपाळी

सुमाक्का, घरातल्या आईला मीही बोलणार नाही. पण वॉर्डात आपण ते करावं असं मला वाटत नाही. आपल्याकडे चार माणसं असतात, कायद्याची वाट असते, त्या आईकडे काहीच नसतं. आणि ज्याला आधीच वाटतंय की जेवणात काहीतरी घालतात, त्याच्या जेवणात आपण खरंच काहीतरी घालायचं? कळलं की तो जेवायचंच सोडतो. मग नाकातून रायल्स ट्यूब.

घाटमाथा

दोघींशी थोडा थोडा सहमत. आईला सांगतो की हे कायमचं नाही, दोन-चार दिवसांची सोय समजा आणि आम्हाला कळवा. आणीबाणीत ७२ तासांपर्यंत उपचार करायची तरतूद आहे, शक्य असेल तिथं प्रतिनिधीच्या संमतीनं. त्यापुढे गरज असेल तर आधारासहित भरती, ३० दिवसांपर्यंत. शिवाय जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्या आहेत, दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं फ्लुफेनाझिनचं इंजेक्शन आहे. पेशंटशी बोलून यातलं एक बऱ्याचदा जमतं. बऱ्याच जणांना आजार नको असतो असं नाही, रोज सगळ्यांसमोर गोळी गिळणं नको असतं.

आणि पूड करणाऱ्यांनी एक ध्यानात घ्या. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या, लिथियम किंवा व्हॅल्प्रोएटच्या, कुटायच्या नाहीत. दिवसभराचा डोस एकदम पोटात जातो.

केंटवाली

इथं लपवून द्यायचं असेल तर पेशंटला निर्णयक्षमता नाही हे आधी ठरवावं लागतं, मग डॉक्टर, फार्मासिस्ट, घरचे यांची बैठक, लेखी निर्णय, आणि ठरावीक काळानं पुन्हा तपासणी. निर्णयक्षमता असलेल्याला अजिबात नाही. बैठका फार होतात हे खरं.

सुमाक्का

बैठकीला चहा असतो ना? मग ठीक. :)

गंमत सोडा. गोळी दिल्यावर मी समोर पाणी प्यायला लावायचे आणि दोन शब्द बोलायचे. गालात धरलेली गोळी बोलताना कळते. "जीभ वर कर, गाल दाखव" हे पोलिसासारखं वाटतं, माणूस दुखावतो.

तिरकस

मामाचं सांगायचं राहिलं. तो आता घरी आहे, बरा आहे, मनगटावर वण आहे. तेव्हा त्याला नक्की काय झालं होतं हे आम्हाला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. डिस्चार्ज कार्डवर फक्त 'अल्टर्ड बिहेवियर'. आता काही करता येतं का?

रातपाळी

येतं. केस पेपरची पूर्ण नक्कल लेखी अर्ज देऊन मागा. अर्ज केल्यापासून ७२ तासांत डॉक्टरांनी ती द्यायची, असा २००२ च्या वैद्यक आचारसंहितेत नियम आहे. अर्जाची पोच घ्या. नक्कल आली की सगळ्यात आधी नर्सेस नोट्स आणि टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट बघा, डॉक्टरांच्या नोट्स नंतर. कुठल्या रात्री सुरू झालं, तेव्हा ताप किती होता, लघवी किती झाली, कुठलं औषध त्या दिवशी नवीन लागलं. सोडियमचा रिपोर्ट आहे का तेही बघा. बांधल्याची नोंद कुठेच नसेल तर तीही तक्रारीत लिहा.

आणि मामा दारू घेत होता का, हे इथं नका सांगू. मामीला बाजूला घेऊन विचारा.

तिरकस

विचारतो. अर्ज उद्याच टाकतो. नमुना असेल तर कुणीतरी द्या.

विदर्भातला_ब्रदर

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय दादा. तारीख आणि आयपीडी (भरतीचा) नंबर तेवढा भरा.